चुकीच्या मांडवात शिरलेली वरात

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची माल्थसशी गाठ पहिल्याच वर्षी पडते. तोंडे वाढतात भराभर, अन्न वाढते सावकाश. मग ओढाताण ठरलेली. माल्थसचा हा प्रबंध १७९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे चाळीस वर्षांनी तो चार्ल्स डार्विनच्या वाचनात आला आणि ‘जगण्यासाठी झगडा’ या कल्पनेचा धागा आपल्याला तिथे सापडला, असे डार्विननेच आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. तेव्हापासून निसर्गातील स्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते: ताट एक आणि जेवणारे दोन. जो लवकर जेवेल, जास्त जेवेल तो टिकेल. दुसरा उपाशी मरेल.

हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. ताटावरच्या भांडणात जो हरतो तोच शेवटी घर बळकावून बसतो, असेही निसर्गात घडते. ते कसे, हे सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कला शाखेच्या वार्षिकात किड्यामुंग्यांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मी स्वतः अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्राणिशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु ‘स्पर्धा’ हा शब्द आमच्या आणि जीवशास्त्राच्या दारातून सारखा ये-जा करीत आला आहे. माल्थसकडून डार्विनने काही घेतले, आणि डार्विनचे नाव सांगून समाजाविषयी नाही नाही ते सिद्धांत पुढे मांडले गेले. तेव्हा जीवशास्त्रात या शब्दाचा अर्थ आज किती पालटला आहे, हे आपणही जाणून घ्यावयास हवे.

एका ताटात दोन जेवणारे

मॉस्को येथील गाउझ या तरुण शास्त्रज्ञाने १९३४ साली आपले प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याने पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्म जीवाच्या दोन जाती घेतल्या. वेगवेगळ्या नळीत, ठराविक अन्नावर दोन्ही चांगल्या वाढल्या. एकाच नळीत एकत्र ठेवल्यावर मात्र काही दिवसांनी एक जात उरली, दुसरी नाहीशी झाली. ज्यांच्या गरजा अगदी सारख्या आहेत अशा दोन जाती एका ठिकाणी कायमच्या एकत्र नांदू शकत नाहीत, असा नियम त्यावरून पुढे रूढ झाला. लोटका आणि व्होल्टेरा या दोघा गणितज्ञांनी त्याआधीच, १९२५-२६ च्या सुमारास, अशा स्पर्धेची समीकरणे मांडली होती. गणित आणि प्रयोग यांचे असे छान जुळल्यावर प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

पण किडे समीकरणे वाचत नाहीत. शिकागोच्या टॉमस पार्क यांनी पिठात होणाऱ्या तांबूस भुंगेऱ्यांच्या दोन जाती वर्षानुवर्षे एकत्र वाढवून पाहिल्या. पीठ तेच, भांडी तीच, तरी विजेता बदलत असे. उष्ण व दमट हवेत एक जात जिंकावी, थंड व कोरड्या हवेत दुसरी, आणि मधल्या हवेत कधी ही तर कधी ती! शिवाय हे भुंगेरे एकमेकांची अंडीही खातात. म्हणजे भांडण निव्वळ पिठाचे नव्हतेच. ‘कोण किती खातो’ यापलीकडे पाहिल्याशिवाय निकालाचा उलगडा होत नाही, याची जाणीव होऊ लागली होती.

डब्यातले दोन भुंगे

आता आपल्या घरी येऊ. मूग, चवळी, तूर, हरभरा यांचा डबा पावसाळ्यात उघडावा आणि आत तपकिरी रंगाचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे किडे चालताना दिसावेत, हा अनुभव कोणाला नाही? दाण्याला अगदी गोल, जणू सामत्याने पाडलेले भोक असते आणि आत पीठ. आई म्हणते, “भुंगा लागला.” मग दाणे उन्हात पडतात, चाळले जातात. म्हणूनच कडधान्य आधी एरंडेल चोळून किंवा राखेत घोळून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तेलाच्या पातळ थरामुळे अंड्यांना हवा मिळत नाही व ती मरतात, असे शास्त्रज्ञही सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात मी मुगाची एक बरणी मुद्दाम तशीच ठेवून, तोंडाला फडके बांधून, महिनाभर भिंगातून पाहिली. या किड्याचा संसार मोठा विलक्षण आहे. मादी दाण्याच्या सालीवर पांढरे, चपटे अंडे चिकटवते. अंड्यातून निघालेली अळी बाहेर पाऊल टाकीत नाही; अंड्याच्या खालूनच साल पोखरून ती थेट दाण्यात शिरते. खाणे, वाढणे, कोष करणे, सारे त्या एका दाण्याच्या आत. उबदार हवेत तीन-चार आठवड्यांनी भुंगा गोल झाकण कापून बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर त्याला अन्नाची गरजच उरत नाही. अळी असताना जे पोटात साठवले त्यावर तो आठ-पंधरा दिवस जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधणे व अंडी घालणे उरकतो. म्हणजे या प्राण्याच्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात: आधी जेवण, मग लग्न. स्पर्धा कोणत्या भागात होते हे पाहावयाचे तर याहून सोयीचा प्राणी मिळणे कठीण.

कडधान्याला लागणाऱ्या भुंग्यांत दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. एकीचे शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस. हिच्या नराच्या मिशा फणीच्या दात्यांसारख्या असतात. दुसरी कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस. या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘ठिपकेदार’ असा आहे. लांब नावांनी वाचकांना शिणवण्यापेक्षा मी त्यांना फणीवाला आणि ठिपकेवाला म्हणेन. दोन्ही आपल्या देशात आहेत, दोन्हींना आपलीच कडधान्ये आवडतात.

क्योतोचा प्रयोग

जपानमधील क्योतो विद्यापीठात या भुंग्यांचा अभ्यास गेल्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. तिथे लाल रंगाचे अझुकी नावाचे कडधान्य घरोघरी गोडासाठी वापरतात आणि फणीवाला भुंगा हा त्याचा पिढीजात शत्रू. याच विद्यापीठातील किशी, निशिदा व त्सुबाकी या तिघांनी २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी स्पर्धेचे दोन भाग कात्रीने कापावेत तसे वेगळे केले: दाण्याच्या आतील अळ्यांची स्पर्धा निराळी तपासली आणि दाण्याबाहेरील प्रौढांचा संबंध निराळा.

दाण्याच्या आत ठिपकेवाल्याची अळी वरचढ ठरली. म्हणजे माल्थसच्या न्यायाने ठिपकेवालाच टिकावयास हवा होता. पण दोन्ही जाती पिढ्यान् पिढ्या एकत्र ठेवल्यावर शेवटी फणीवालाच उरला. जेवणात जिंकलेला गडी संसारात हरला.

कारण दाण्याबाहेर सापडले. फणीवाल्याचा नर आपल्या जातीची मादी आणि परक्या जातीची मादी यांत फारसा भेद करीत नाही. समोर आकार साधारण आपल्यासारखा दिसला की तो झेपावतो. भिंगातून पाहताना मला एका नराच्या पाठीवर दुसरा नर चढलेला अनेकदा दिसे. या कुळात ती नित्याची गोष्ट आहे. ज्याला नर-मादी ओळखण्याची सवड नाही तो जात काय ओळखणार! अशा नरांच्या सोबत ठेवलेल्या ठिपकेवाल्या माद्यांनी पुष्कळच कमी अंडी घातली. उलट ठिपकेवाल्या नरांचा उपद्रव फणीवाल्या माद्यांना तितका बाधला नाही. चुकीची वरात दोन्ही मांडवांत शिरत होती, पण मोडतोड एकाच मांडवात होत होती.

मोडतोड हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. या भुंग्यांच्या नराच्या जननेंद्रियावर सूक्ष्म काटे असतात. स्वतःच्या जातीतसुद्धा समागमाच्या वेळी मादीला त्यामुळे इजा होते व ती मागच्या पायांनी नराला लाथा मारते, हे ठिपकेवाल्या जातीत २००० साली दाखवून देण्यात आले होते. पुढे क्योतोतील क्योगोकु व त्यांच्या सहकाऱ्यांनी परजातीय समागमाचा तपास केला, तेव्हा फणीवाल्या नराच्या काट्यांमुळे ठिपकेवाल्या मादीच्या जननमार्गाला जखमा होतात आणि तिची अंडी घटतात, असे दिसून आले. अशा संबंधातून संतती तर होत नाहीच. वर मादीची स्वतःच्या जातीत अंडी घालण्याची शक्तीही खर्ची पडते.

एका जातीच्या जोडीदार शोधण्याच्या धडपडीमुळे दुसऱ्या जातीच्या संततीत घट येणे, याला आपण ‘प्रजननातील व्यत्यय’ म्हणू. मग तो व्यत्यय नुसत्या पाठलागाचा असो, व्यर्थ समागमाचा असो, की निकामी संकराचा.

इथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. निसर्ग इतका काटेकोर, तर नराला नीट ओळखण्याची बुद्धी का देत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटकन कळेल. भुंग्याच्या नराचे आयुष्य आठ-पंधरा दिवसांचे. चुकीच्या मादीमागे गेल्याने त्याचा थोडा वेळ वाया जातो. पण संशय घेत बसल्याने खरी मादी हातची गेली तर त्याचे सर्वस्व जाते. म्हणून त्याच्या हिशेबात घाई स्वस्त आणि सावधपणा महाग. चुकीची मोठी किंमत भरते ती मादी, आणि तीही परक्या जातीची. कारखान्याच्या धुराचा खर्च कारखानदाराच्या वहीत दिसत नाही, तो शेजारच्या वस्तीच्या छातीत दिसतो, हे आपण वर्गात शिकतो. त्यातलाच हा प्रकार. ज्याची चूक त्याला तिची झळ लागत नसेल, तर चूक सुधारण्याची निकड निर्माण होत नाही.

कमी असणे हाच अपराध

हा व्यत्यय अन्नाच्या स्पर्धेपेक्षा अधिक घातक का, हे एका सोप्या हिशेबाने समजेल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, एका बरणीत शंभर नर आहेत. नव्वद फणीवाले आणि दहा ठिपकेवाले. कोणालाच कोणाची ओळख नाही. ठिपकेवाल्या मादीची गाठ दहा वेळा नराशी पडली तर नऊ वेळा तो परका असेल, एकदा आपला. फणीवाल्या मादीची गत नेमकी उलटी: नऊ वेळा आपला, एकदा परका. साहजिकच ठिपकेवाल्यांची पुढची पिढी आणखी घटेल. मग प्रमाण पंचाण्णव-पाच होईल आणि तिच्या वाट्याला वीसांत एकोणीस परके येतील. घट झाली म्हणून व्यत्यय वाढला, व्यत्यय वाढला म्हणून आणखी घट झाली. उतारावरून सुटलेल्या गाड्यासारखी ही गती आहे.

अन्नाच्या भांडणात असे सहसा होत नाही. तिथे प्रत्येकाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी त्याचा स्वजातीयच असतो, कारण त्या दोघांच्या आवडीनिवडी तंतोतंत सारख्या असतात. एखादी जात थोडी घटली की उरलेल्यांच्या वाट्याला घासभर अधिक येते आणि ती पुन्हा डोके वर काढू शकते. घटणाऱ्याला निसर्ग तिथे थोडा श्वास देतो. प्रजननातील व्यत्यय मात्र घटणाऱ्याचाच गळा आवळतो. म्हणून त्यात अन्न मुबलक असतानाही एक जात नामशेष होऊ शकते, आणि सुरुवातीला कोण संख्येने जास्त होते यावर निकाल फिरू शकतो. रिबेरो व स्पिलमन यांनी १९८६ साली आणि जपानच्या कुनो यांनी १९९२ साली हेच गणिताने दाखवून दिले.

डासांची शहरे

ही केवळ बरणीतली करमणूक नाही, हे पटवून देण्यासाठी डासांकडे वळते. डेंग्यू पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती. तो मूळचा आफ्रिकेतला, पण शतकांपूर्वीच जहाजांतून जगभर गेला आणि माणसाच्या घरात स्थिरावला. त्याचाच भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस हा आशियातला. अंगावरच्या पट्ट्यांमुळे त्याला आशियाई वाघडास म्हणतात. १९८५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन येथे या वाघडासाची मोठी वस्ती आढळली. परदेशातून आलेल्या जुन्या टायरांत साचलेल्या पाण्याबरोबर त्याची अंडी आली होती. पुढील काही वर्षांत तो फ्लॉरिडात पसरला आणि जिथे जिथे गेला तिथून बहुतेक ठिकाणी एडिस इजिप्ती झपाट्याने हटत गेला. दक्षिण फ्लॉरिडातील काही शहरांत तेवढा तो टिकून राहिला.

पहिले स्पष्टीकरण अर्थातच ताटाचे होते: टायरातल्या पाण्यात वाघडासाची अळी अधिक तरबेज. ते खरेही आहे. पण दुसरे कारण मादीच्या शरीरात दडलेले होते. एडिस इजिप्तीची मादी सामान्यतः आयुष्यात एकदाच समागम करते. नराच्या वीर्यातील ग्रंथिस्रावामुळे तिची पुढची इच्छाच मावळते, हे अमेरिकेतील क्रेग यांनी १९६७ साली सिद्ध केले होते. आता वाघडासाच्या नराने तिला चुकून गाठले तर? त्याच्या वीर्यातून अंडी फळत नाहीत, पण त्या स्रावाचा परिणाम मात्र होतो. मादी जन्मभर आपल्या जातीच्या नराला नकार देते आणि निःसंतान राहते. उलट दिशेने हे घडत नाही. इजिप्तीच्या नराचा स्राव वाघडासाच्या मादीला बांधून ठेवू शकत नाही. ट्रिपेट व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रत्यक्ष निसर्गातून पकडलेल्या माद्यांच्या शरीरात परक्या जातीचे शुक्रजंतू सापडले. प्रमाण थोडे होते, परंतु मघाचा उताराचा हिशेब आठवला म्हणजे थोडेही पुरेसे का ठरते ते कळेल.

गोष्ट इथेच संपत नाही. २०१३ साली फ्लॉरिडातील बार्गिएलोव्स्की, लौनिबोस व कॅरास्क्विला यांना असे आढळले की, जिथे दोन्ही डास बरीच वर्षे एकत्र राहिले आहेत तिथल्या इजिप्ती माद्या परक्या नराला अधिक ठामपणे झिडकारतात. ज्यांनी वाघडास कधी पाहिलाच नाही त्या माद्या सहज फसतात. ज्या माद्यांनी ओळखले त्यांचीच लेकरे उरली. शहाणपण पिढीगणिक वाढत गेले. नराच्या बाजूने चूक स्वस्त असली तरी मादीच्या बाजूने ती महाग, म्हणून सुधारणाही मादीच्याच बाजूने आली.

आपल्या देशात हे दोन्ही डास आहेत आणि दोन्ही डेंग्यू पसरवू शकतात. कोणत्या वस्तीत कोणता डास टिकतो हा त्यामुळे प्राणिशास्त्राच्या तासापुरता प्रश्न राहत नाही. तो रुग्णालयाच्या खाटांचा प्रश्न होतो. एकाला हटवले तर रिकाम्या पिंपात दुसरा येईल का, हाही विचार करावा लागतो.

पांढरी माशी आणि सेत्सी माशी

कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पांढरी माशी सांगावयास नको. दिसावयास एकच, परंतु तिच्यात परस्परांशी संकर न होणारे अनेक गट आहेत. त्यांतील एक आक्रमक गट १९९० नंतरच्या दशकात चीन व ऑस्ट्रेलिया येथे पोचला आणि स्थानिक गटांना त्याने मागे रेटले. चीनमधील लिऊ व सहकाऱ्यांनी २००७ साली त्याचे कारण मांडले. या माशीत फळलेल्या अंड्यातून मादी व न फळलेल्या अंड्यातून नर निपजतो. परके नर मध्ये घुसल्याने स्थानिक माद्यांचे समागम घटले, म्हणजेच त्यांना मुली कमी झाल्या. आणि मुली कमी म्हणजे पुढची पिढीच लहान. उलट आक्रमक गटाच्या माद्या अशा गर्दीत अधिक वेळा समागम करू लागल्या व त्यांच्या मुलींचे प्रमाण वाढले.

निसर्गाच्या या डावाचा उपयोग माणसाने करून पाहिल्याचेही एक जुने उदाहरण आहे. पूर्व आफ्रिकेत निद्रारोग पसरवणारी सेत्सी माशी असते. तेव्हाच्या टांगानिकात व्हँडरप्लँक नावाच्या संशोधकाला असे आढळले की, या माशीच्या दोन जाती परस्परांत समागम करतात, पण संतती क्वचित व बहुतांशी निकामी होते. १९४४ साली त्याने एका कोरड्या प्रदेशात, जिथे त्यांपैकी एकच जात राहत होती, दुसऱ्या जातीचे कोष मोठ्या संख्येने आणून सोडले. स्थानिक माशी व्यर्थ समागमांत खर्ची पडून नाहीशी झाली. आणि आणलेल्या पाहुणीला तिथली कोरडी हवा मानवली नाही, म्हणून तीही पुढे संपली. नरांना किरणोत्साराने वंध्य करून सोडण्याची जी पद्धत १९५४ साली क्युरासाव बेटावर जनावरांच्या जखमांत पडणाऱ्या माशीवर यशस्वी झाली, तिच्याही दहा वर्षे आधीची ही गोष्ट. औषधाचा एक थेंब न फवारता, केवळ चुकीच्या वराती सोडून मिळवलेला हा विजय होता.

न दिसणारी भिंत

आतापर्यंतच्या उदाहरणांत कोणीतरी हटले, कोणीतरी उरले. परंतु सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट अशा ठिकाणची आहे, जिथे आज भांडण दिसतच नाही.

जपानमध्ये ठिपकेदार पाठीच्या लेडीबर्ड किड्यांच्या दोन अगदी जवळच्या जाती आहेत. दोन्ही मावा खाऊन जगतात. एक जात नाना झाडांवरचा नाना प्रकारचा मावा खाते. दुसरी मात्र केवळ पाइनच्या झाडावर राहते आणि तिथला चपळ, हाती न लागणारा मावा खाते. वर्षानुवर्षे सर्वांना वाटे की, हिची आवडच तशी. पण प्रयोगशाळेत तिच्या अळ्यांना इतर मावा दिला तर त्या त्यावरही चांगल्या वाढतात! मग ती पाइनला का चिकटून बसली? नोरियुकी, ओसावा व निशिदा यांनी २०१२ साली दाखवले की, दोन्ही जाती एकत्र आल्या तर पहिल्या जातीच्या नरांमुळे दुसरीच्या माद्यांची वंशवृद्धी खालावते, पहिलीला मात्र विशेष तोशीस लागत नाही. गोड घास सोडून कठीण घासावर गुजराण करणे तिने पत्करले ते आवडीने नव्हे. शेजाऱ्याच्या वरातीपासून दूर राहता यावे म्हणून.

हे वाचल्यावर रानात, शेतात पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. एक किडा या झाडावर, त्याचा भाऊबंद त्या झाडावर. एक संध्याकाळी बाहेर पडतो, दुसरा मध्यरात्री. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून आपण पुढे जातो. त्यांतील काही आवडी खरोखरच्या असतील, तर काही जुन्या भांडणानंतर घातलेल्या वाटण्या असतील. वाटणी झाल्यावर भांडण दिसत नाही, एवढेच.

‘जात’ या शब्दाविषयी

हा लेख लिहिताना एक शब्द मला सतत टोचत राहिला. मराठीत आपण भुंग्याची जात म्हणतो, आंब्याची जात म्हणतो आणि माणसाचीही जात म्हणतो. शब्द एक असल्यामुळे, परजातीच्या संबंधातून भुंग्याच्या मादीचे नुकसान होते हे वाचून कोणी मनात भलतीच वजाबाकी करील, अशी मला भीती वाटते. म्हणून हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.

जीवशास्त्रात जात कशाला म्हणतात? १९४२ साली अर्न्स्ट मायर यांनी केलेली व्याख्या बहुतेक पुस्तकांत आधाराला घेतली जाते: जे प्राणी निसर्गात परस्परांत प्रजनन करू शकतात आणि इतरांपासून त्या बाबतीत वेगळे पडलेले असतात, त्यांचा समूह म्हणजे एक जात. या अर्थाने पृथ्वीवरील झाडून सारी माणसे एकाच जातीची आहेत. कोणत्याही दोन समाजांतील स्त्रीपुरुषांची मुले इतरांसारखीच निरोगी व वंशवर्धक असतात. भुंग्यांतील नुकसान होते ते अंडी फळत नाहीत म्हणून, शरीरे जुळत नाहीत म्हणून. माणसांत असा कोणताही अडसर नाही. आपल्याकडच्या जातींमधील भिंत निसर्गाने घातलेली नाही. ती लग्नाच्या बंदीने माणसांनी घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असतानाच, जातीचे मूळ स्वजातीय विवाहाच्या बंधनात आहे असे मांडले होते, आणि १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच त्यावरचा खरा उपाय असल्याचे सांगितले. त्यांच्या त्या विवेचनाला भुंग्यांच्या विज्ञानाने कोठेही छेद जात नाही. जो कोणी किड्यांचे उदाहरण देऊन माणसांच्या लग्नांवर बंदी घालू पाहील, त्याला ना किडे कळले, ना माणसे.

‘जो सर्वांत लायक तो टिकतो’ हे सुप्रसिद्ध वचन डार्विनचे समजले जाते. ते हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली प्रथम वापरले. ठिपकेवाला भुंगा दाण्याच्या आत लायक होता, तरी टिकला नाही. फणीवाला टिकला तो गुणांमुळे म्हणावे, तर त्याचा ‘गुण’ म्हणजे आंधळी घाई! टिकणे आणि लायक असणे यांचा संबंध त्या त्या बरणीपुरता, त्या त्या प्रमाणापुरता असतो. कोणी टिकलेला दिसला म्हणून त्याला श्रेष्ठत्वाचे प्रशस्तिपत्र देण्याची घाई करू नये, आणि कोणी घटताना दिसला म्हणून त्याच्यात काही उणे असेल असे धरून चालू नये. कधी कधी त्याचा दोष एवढाच असतो की, तो आधीपासूनच संख्येने थोडा होता.